मुकादमाची साखर

आक्का, मुकादम जिवंत आहे. हे आधी सांगून टाकतो, कारण तू कुठूनही घरी आलीस की चप्पल काढायच्या आधी तेच विचारायचीस. "बोका कुठाय?" भाऊ कुठे आहे, जेवला का, हे कधी विचारलं नाहीस. काल तुझं तेरावं झालं. पाहुणे सकाळच्या गाडीने गेले, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला. आता घरात मी, मुकादम आणि तुझं ते साखर मोजायचं मशीन, असे तिघेच उरलोय. आणि मला भीती वाटते आहे.

तेरा दिवस ही भीती कुणाला सांगितली नाही. सांगायची सोयही नव्हती. पलटणीत वीस वर्षं काढलेला, बर्फात पहारा दिलेला माणूस बोक्याच्या कानाला घाबरतो म्हटल्यावर लोक तोंडावर पदर घेऊन हसले असते. तुला तेवढं माहीत होतं. म्हणून तर हवालदार म्हणून रिटायर झालेल्या मला तू परस्पर बढती देऊन टाकली होतीस. "सुभेदार, बोकं धरा," म्हणायचीस. मी बोका धरायचो आणि तोंड भिंतीकडे फिरवायचो. तू त्याच्या कानाच्या कडेला सुई टोचायचीस, मोहरीएवढा थेंब पट्टीला लावायचीस, आणि मशीनने पाचपासून उलटं मोजायला सुरुवात केली की माझा श्वास अडकायचा. तुझा नाही अडकायचा. उभा जन्म साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रसाची गोडी मोजण्यात गेलेली बाई तू. तुला आकड्याची कसली भीती!

मागच्या दिवाळीत तो पाण्याच्या बादलीवरून हटेना. दिवसभर पाणी, आणि दिवसभर अंगणात माती उकरणं. ऊसतोडीच्या मुकादमासारखा सगळ्या गल्लीवर देखरेख करत हिंडणारा तो गडी, म्हणून तर त्याचं नाव तसं पडलेलं. आणि तो मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकून फरफटत चालायला लागला. तू त्याला भाजीच्या टोपलीत घातलंस आणि कडेगावातून थेट कऱ्हाडला डॉक्टर बाईंकडे नेलंस. मी सोबत होतो. शुगर आहे म्हटल्यावर मला हसूच आलं. मी म्हणालो, "तुझ्या घरात राहून त्याला दुसरं काय होणार?" तुझी स्वतःची शुगर अकरा वर्षांची, आपल्या वडिलांना, आबांना होती, आज्जीला होती. तू हसली नाहीस. माझ्याकडे रोखून बघत म्हणालीस, "घरात तिसराबी हाय. त्यानंबी एकदा बघून घ्यावं."

मी तेव्हा विषय बदलला. नंतरही दर वेळी बदलला.

मग सुरू झालं तुझं लॅबकाम. डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं की बोक्यासाठी वेगळं मशीन घ्या, माणसांचं मशीन मांजराची साखर असते त्यापेक्षा कमी दाखवतं. तू ऐकलं नाहीस. "साखर ती साखर. उसातली काय, माझ्यातली काय, बोक्यातली काय. कमी दावतंय एवढं ध्यानात ठिवलं की झालं." आणि एकाच मशीनवर दोघांची साखर मोजायला लागलीस. सकाळी सहा-सातच्या दरम्यान आधी मुकादम, मग तू. का, तर तुला भूक लागली तर सांगता येतं, त्याला येत नाही. त्याला दोन वेळा इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू, दूध बंद, भाकरीचा कुस्करा बंद, बिस्किटं तर एकदम बंद. गळ्यात माळ घातलेली तू, परसात तीन दगड मांडून त्याच्यासाठी वेगळ्या पातेल्यात चिकन शिजवायचीस, नाकाला पदर लावून. शालूकाकी कुंपणापलीकडून म्हणायची, "म्हातारपणी बाटलीस गं बया." तू म्हणायचीस, "मी कुठं खातीया? मी निस्ती आचारी."

आणि आकडे उतरायला लागले. साडेतीनशेचे अडीचशे झाले, अडीचशेचे दीडशे. त्याचे घोटे उचलले गेले, तो पुन्हा शालूकाकीच्या पत्र्यावर चढायला लागला. डॉक्टर बाई म्हणाल्या की मांजरांमध्ये कधी कधी असं होतं, शरीर पुन्हा स्वतःचं काम करायला लागतं, इन्सुलिन सुटू शकतं. डोस अर्ध्यावर आणला. त्यावरूनच आपलं शेवटचं भांडण झालं. तू म्हणत होतीस की आता उरलेलं अर्धंही बंद करायची वेळ आलेली दिसते, डॉक्टर बाईंना विचारू. मी म्हणालो, औषध सोडलं की रोग दबा धरून बसतो, मरेल तो. मी इतका आरडाओरडा केला की तू म्हणालीस, "बरं बाबा. उद्याचा आकडा बघून ठरवू. एका सॅम्पलवर मी बोलत न्हाई, तीन सारखी आली की बोलती." संध्याकाळी त्याला नेहमीसारखं इंजेक्शन दिलंस. माझ्या हट्टापायी दिलंस.

त्याच संध्याकाळची दुसरी गोष्ट सांगतो. ती कुणालाच ठाऊक नाही. तू मला दुपारी पट्ट्या आणायला पाठवलं होतंस. एकच पट्टी उरली होती. मी बाजारात गेलो, चहाच्या गाडीवर जुना एक पलटणवाला भेटला, गप्पा रंगल्या, आणि मेडिकलवाल्याने शटर ओढलं. घरी येऊन म्हणालो, "उद्या आणतो." तू म्हणालीस, "उद्याला एक हाय." बस, एवढंच. रागावली असतीस तर बरं झालं असतं. रात्री अर्धीच भाकरी खाल्लीस, छातीत जळजळतंय म्हणालीस.

सकाळी मी चिकन आणायला निघालो तेव्हा तू दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होतीस. मुकादम मांडीवर. म्हणालीस, "जाशील तवा पट्ट्या आण." मी ओशाळलो होतो, म्हणून खाली बघून चपला घातल्या आणि निघालो. तुझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, आक्का. घाम आला होता का, चेहरा उतरला होता का, काही सांगता येत नाही. पाऊण तासाने आलो तर तू त्याच खुर्चीवर होतीस आणि बोका मांडीवर होता. मी तुझा हात हातात घेतला. बोटं चिकट होती. तेव्हा त्याचा काही अर्थ लावायचं भान नव्हतं.

डॉक्टर आले, अटॅक म्हणाले. सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली.

मग घर माणसांनी भरलं. सुतकात घरात चिकन कुठलं यायला? पिठलं-भाकरी शेजारून येत होती. मी परसात लपून मुकादमाला उकडलेली अंडी घालत होतो, चोरासारखा. इंजेक्शनचं काय करायचं हेच कळेना. फ्रिजचं दार उघडायचो, ती बाटली बघायचो आणि बंद करायचो. दिलं आणि साखर आधीच कमी असली, तर माझ्या हातून जाईल. नाही दिलं आणि साखर चढली, तर माझ्या हयगयीने जाईल. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. रोज सकाळी उठलो की आधी त्याचं पोट हलतंय का बघायचो. शालूकाकीने एकदा धरलं मला. "आरं, बाई गेली आन तू बोक्याचं काय घेऊन बसलाईस?" मी काय सांगणार! ती बाई मला बोक्याच्या ताब्यात देऊन गेली आहे, हे सांगितलं असतं तर तिने माझ्या डोक्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या असत्या.

पाचव्या दिवशी तुझा स्टीलचा डबा उघडला. मशीन, सुया, कापूस, आणि पट्ट्यांची रिकामी बाटली. मशीनचं बटण दाबलं तर जुने आकडे दाखवायला लागलं, तारीख आणि वेळेसकट. तुझ्या शेवटच्या सकाळी एकच आकडा होता. सहा बावन्न. अठ्ठेचाळीस.

मी बटण पुन्हा दाबून बघितलं. अठ्ठेचाळीस कुणाचे? बोक्याचे की तुझे?

मशीनला काय, रक्त म्हणजे रक्त. त्याच्यावर नाव नसतं. शेवटची एकच पट्टी होती आणि तू ती कुणावर खर्च केलीस, हे सांगणारं कुणी नव्हतं. रोजच्या रिवाजाने आधी मुकादम. पण तू रात्री अर्धपोटीच निजली होतीस. सकाळी तुला गरगरलं असेल, हात कापले असतील, म्हणून तू रिवाज मोडून पट्टी आधी स्वतःसाठी घेतली असशील, तर? अठ्ठेचाळीस म्हणजे माणूस कोसळतो, हे तूच मला शिकवलंस. म्हणजे मी बाजारात चिकनवाल्याशी घासाघीस करत असताना तू साखरेवाचून गेलीस का? तेही साखर कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेली बाई, हाताच्या अंतरावर साखरेचा डबा असलेल्या घरात? ओट्यावर मधाची बाटली उघडी होती, ती मीच पहिल्या दिवशी झाकण लावून ठेवली होती. तुझी बोटं चिकट होती. तू मध खायला उठली होतीस आणि उशीर झाला होता, असंच चित्र डोळ्यांपुढे यायला लागलं. दोन दिवस मला अन्न गेलं नाही. लोकांना वाटलं, भावाचं मन आहे. मन होतंच, पण त्याहून जास्त भीती होती.

आणि दुसरीकडे, आकडा तुझा असेल तर बोक्याची साखर काय आहे ते कुणालाच माहीत नाही. आणि इंजेक्शन बंद होऊन पाच दिवस झालेले. डॉक्टर बाईंना फोन लावला. तू गेल्याचं सांगितलं, त्यांनी आधी कसं झालं ते विचारलं. मग म्हणाल्या, "काका, न मोजता इंजेक्शन अजिबात द्यायचं नाही. तो खातोय, हिंडतोय ना? मग आधी आकडा बघा आणि मला सांगा."

"मॅडम, मला जमत न्हाई ओ ते. ताईच करायच्या."

"ताई नाहीत आता, काका," त्या म्हणाल्या. एवढं साधं वाक्य, पण पाच दिवसांत मला कुणी ते तोंडावर बोललं नव्हतं.

सुतकातच उठून बाजारात गेलो. पट्ट्या आणल्या. दोन बाटल्या. आक्का, मेडिकलचं दुकान चहाच्या गाडीपासून वीस पावलांवर आहे. मी मोजली.

सहाव्या दिवशी सकाळी सगळे नदीकडे गेले होते, तेव्हा मुकादमाला घेऊन परसात बसलो. पहिली सुई टोचली, रक्तच आलं नाही. दुसऱ्यांदा तो फिस्कारला आणि माझ्या मनगटावर ओरखडा काढला. तिसऱ्यांदा सुई माझ्याच बोटात गेली. शालूकाकी कुंपणावरून बघत होती. मला वाटलं आता टोमणा येणार. ती म्हणाली, "आरं, मेंढक्याचं प्वार ना तू? तुझा आबा कान कसा धरायचा?"

आणि मला आठवलं. आटपाडीकडच्या माळावर थंडीत मेंढरू आजारी पडलं की आबा त्याचा कान मुठीत धरून बसायचे. लगेच काही करायचे नाहीत. बिडी अर्धी होईपर्यंत नुसता कान मुठीत. "कान गरम झाल्याबिगर रगात सुटत न्हाई," म्हणायचे. मग शिरेला बारीक चीर द्यायचे आणि रक्ताचा रंग बघायचे. मेंढरू धरायचं काम माझं असायचं. तू तेव्हा शाळेत. म्हणजे हे काम घरात आधी मी शिकलो होतो, आक्का, आणि तू कोमट फडकं कानाला लावायचीस तेव्हाही मी भिंतीकडे बघत बसायचो.

मी मुकादमाचा कान मुठीत धरला. तोही हळूहळू ढिला पडला, डोळे मिटून घेतले. टोचलं. थेंब आला. पाच, चार, तीन, दोन, एक.

एक्याण्णव.

मला रडू आलं, पण तुझा नियम डोक्यात होता. एका सॅम्पलवर बोलायचं नाही. एक दिवस सोडून पुन्हा मोजलं. एकशे चार. दहाव्या दिवशी घाटावर कावळ्याने पिंडाला शिवायला वेळ लावला, सगळे म्हणाले बाईचा जीव कशात तरी अडकलाय. मी हात जोडून मनातल्या मनात म्हणालो, आक्का, मोजतोय मी, मोजणं सोडणार नाही. कावळा आला. योगायोग असेल. घरी येऊन मोजलं. सत्त्याण्णव. दहा दिवस इन्सुलिनचा थेंब नाही, आणि तीन आकडे सारखे.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "काका, हे मशीन कमी दाखवतं हे धरूनही आकडे चांगले आहेत. बहुतेक त्याला आता इन्सुलिन लागत नाही. पण हा आजार परतही येऊ शकतो. मोजणं सोडू नका." मी विचारलं, मग शेवटच्या संध्याकाळी दिलेल्या इंजेक्शनने त्याची साखर पडली असेल का? त्या म्हणाल्या, पडू शकते.

मग मी शालूकाकीला विचारलं, "काकी, त्या सकाळी तू सगळ्यात आधी धावत आलीस, बोक्याचं काय झालं होतं?" ती म्हणाली, "काय व्हायचंय? त्याच्या तोंडाला कायतरी चिकाट लागल्यालं. मुंग्या डसल्या हुत्या मिशांला. मीच पदरानं पुसलं."

आक्का, मध मुकादमाच्या तोंडात होता. अठ्ठेचाळीस त्याचे होते. तू शेवटची पट्टी रोजच्या रिवाजाने त्याच्यावर घातलीस, आकडा बघितलास, उठून मध आणलास आणि त्याच्या हिरड्यांना चोळलास. मग त्याला मांडीवर घेऊन बसलीस, तो सावरतो का बघत. तू साखरेवाचून गेली नाहीस असं मी आता धरून चालतो. स्वतःला गरगरलं असतं तर मधाचं बोट आधी स्वतः चाटलं असतंस, एवढी अक्कल तुला होती. डॉक्टर म्हणाले तेच खरं असेल, काळीज थांबलं असेल. रात्रीची जळजळ तीच असेल. तीही मी ऐकली आणि झोपलो.

पण धरून चालणं आणि माहीत असणं, यात फरक आहे. तुझा त्या सकाळचा आकडा कुठेच नाही. तो घ्यायला पट्टी नव्हती, आणि ती माझ्यामुळे नव्हती. बोक्याला वाचवलंस ते माझ्या हट्टाने दिलेल्या इंजेक्शनपासून. हे तुला तोंडावर सांगायला मला आयुष्यात जमलं नसतं. तू मात्र हसून म्हणाली असतीस, "झालं का सुभेदार? आता भांडी घासा." तेवढं एकदा म्हणायला हवी होतीस.

आज सकाळी मुकादमाला घेऊन दारातल्या खुर्चीवर बसलो. कान मुठीत धरला. अठ्ठ्याण्णव. त्याने उडी मारली, शेपूट वर करून पत्र्यावर गेला, गल्लीची हजेरी घ्यायला. तो बरा आहे. परत आजारी पडेल का याची भीती आहे, पण ती आता मला धरता येते, कानासारखी.

डबा बंद करायला गेलो आणि हात थांबला. बाटलीत पट्ट्या भरपूर होत्या. गेले दोन-तीन महिने मीसुद्धा पाण्याचा तांब्या उशाशी घेऊन झोपतो, आक्का. रात्रीतून चारदा परसात जातो. तुझ्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. "घरात तिसराबी हाय" हे तू दिवाळीपासून म्हणत होतीस आणि मी दर वेळी म्हणायचो, मला काय झालंय? मला आकड्याची भीती वाटायची. बोक्याच्या कानाची नव्हतीच कधी, याच आकड्याची होती. त्या भिंतीकडे मी बोक्यामुळे तोंड फिरवत नव्हतो.

अजून चहा घेतला नव्हता. नवी सुई लावली. बोट मुठीत धरून गरम केलं, आबांसारखं. टोचलं, थेंब आला, पट्टीला लावला. या वेळी भिंतीकडे बघितलं नाही. पाच, चार, तीन, दोन, एक.

दोनशे चौदा, आक्का. एकच सॅम्पल आहे. उद्या परत मोजतो, परवाही मोजतो. पण तू आत्ताच ओरड मला.